"मुली शिकल्या की बाकी आपोआप होतं" म्हणणाऱ्यांसाठी आर्मेनियाची गोष्ट

गेल्या आठवड्यात आमच्याकडे महिला मेळावा झाला. बातमीसाठी गेलो होतो. स्टेजवर नऊ खुर्च्या, त्यातल्या सातांवर पुरुष. प्रमुख पाहुणे माइकवर आले आणि म्हणाले, "मुलींना शिकवा, बस्स. आरक्षण वगैरे सगळ्या कुबड्या आहेत. मुली शिकल्या की बाकी सगळं आपोआप होतं."

टाळ्या पडल्या. संध्याकाळी मीही तेच वाक्य मथळ्यात घेतलं. छापायला बरं दिसत होतं ना!

आता त्या मथळ्याची लाज वाटते. का, ते सांगायला ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं, की आमच्या ओळखीतल्या घरची एक मुलगी आर्मेनियात, येरेवानला एमबीबीएस करते. सुट्टीत आली होती. आपल्याकडची बरीच पोरं हल्ली तिकडे डॉक्टरकीला जातात. सहज विचारलं, कसा आहे गं देश? म्हणाली, "काका, तिकडे शिकवायला बहुतेक मॅडमच. हॉस्पिटलात डॉक्टरही बायकाच जास्त. माझी घरमालकीण आजी केमिस्ट्रीची रिटायर्ड टीचर आहे. दोन नाती आहेत तिला. आणि ती नातू व्हावा म्हणून चर्चमध्ये मेणबत्त्या लावते."

केमिस्ट्रीची टीचर आणि नातवासाठी मेणबत्ती. हे डोक्यातून जाईना. मग वाचत बसलो.

आर्मेनिया म्हणजे तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान आणि इराण यांच्या मध्ये अडकलेला देश. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्यापेक्षा थोडीशी जास्त. आपण त्यांना पिनाक रॉकेट विकल्याच्या बातम्या आल्या तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. पण नातं जुनं आहे. मुंबईच्या फोर्टात १७९६ सालचं आर्मेनियन चर्च आजही उभं आहे. आणि आम्हा पत्रकारांनी लक्षात ठेवावं असं एक: जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक निघालं ते आपल्या मद्रासमध्ये, १७९४ साली.

आता मुद्द्यावर येतो. पाहुण्यांचं म्हणणं खरं असेल, तर ते आर्मेनियात सगळ्यात आधी खरं ठरायला हवं होतं. कारण मुलींच्या शिक्षणासाठी त्या लोकांनी जे केलं ते फार थोड्यांनी केलं असेल.

गोष्ट सुरू होते इस्तंबूलला, तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये. एकोणिसाव्या शतकात आर्मेनियन लोकांना स्वतःचा देश नव्हता. काही तुर्की सुलतानाच्या अमलाखाली, काही रशियाच्या झारच्या. सुलतानाच्या राजधानीत १८६२ साली एल्बिस गेसारात्स्यान नावाच्या बाईने 'कितार' हे बायकांसाठीचं मासिक काढलं. १८७९ मध्ये त्याच शहरात बायकांच्या दोन संस्था उभ्या राहिल्या. एकीच्या स्थापनेत पुढे 'सिबिल' या नावाने कवयित्री म्हणून गाजलेली झाबेल होती. तेव्हा ती सोळा वर्षांची! काम काय? दूरच्या प्रांतांत मुलींच्या शाळा काढायच्या आणि त्या शाळांसाठी शिक्षिका तयार करायच्या. मोठ्या माणसांनी परवानगी देण्याची वाट बघत बसल्या नाहीत.

१८८३ साली स्रपुही द्युसाप या बाईंची 'मायदा' ही कादंबरी आली. आर्मेनियन भाषेत बाईने लिहिलेली ही पहिली कादंबरी मानतात. बाईचं परावलंबन, तिचं शिक्षण, तिने कमावणं, हे सगळं त्यात. बुलढाणेकरांनो, साल नीट बघा. त्याच्या फक्त एक वर्ष आधी, १८८२ मध्ये, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं होतं. दोघींना एकमेकींचा पत्ताही नसणार. पण दोघींच्या वाट्याला आलं ते सारखंच. ताराबाईंवर इतकी टीका झाली की त्यांनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. तिकडे द्युसापबाईंवर तुटून पडणाऱ्यांत क्रिकोर झोहराबसारखा मोठा लेखक आणि वकील होता. म्हणजे शिकलेलाच माणूस. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

द्युसापबाईंच्या मागून आली झाबेल येसायान. पॅरिसला जाऊन सोर्बोन विद्यापीठात शिकली. १९०९ मध्ये अदाना भागात आर्मेनियनांच्या कत्तली झाल्या, तेव्हा मदतकार्यासाठी तिथे गेली आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते १९११ मध्ये पुस्तकात मांडलं. आजच्या भाषेत तिला ग्राउंड रिपोर्ट म्हणतात. २४ एप्रिल १९१५ ला आर्मेनियन विचारवंतांची धरपकड सुरू झाली, ज्याच्यापुढे लाखोंचा नरसंहार घडला. पकडायच्या लोकांच्या त्या यादीत बाई एकच होती, झाबेल. ती निसटली आणि बल्गेरियाला पोचली.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. पकडायच्या यादीत बाईचं नाव घालताना कोणी "आधी शिकू द्या" म्हणालं नाही.

१९१८ मध्ये आर्मेनियाचं पहिलं स्वतंत्र प्रजासत्ताक झालं. नरसंहारातून वाचलेले निर्वासित, अनाथ मुलं, टायफस, उपासमार. अशा अवस्थेत त्या देशाने बाईला मत दिलं आणि उभं राहण्याचा हक्कही दिला. अमेरिकेत हा अधिकार देशभर मिळाला तो १९२० मध्ये, आणि झाबेल जिथे शिकली त्या फ्रान्समध्ये १९४४ मध्ये. १९१९ च्या निवडणुकीत ८० जणांच्या संसदेत तीन बायका निवडून आल्या: पेर्चुही पार्टिझपान्यान-बार्सेग्यान, वार्वारा साहाक्यान आणि कातारिने झाल्यान-मानुक्यान.

आता कोणीतरी म्हणेल, तिघीही पुढाऱ्यांच्याच बायका की! हो. एकीचा नवरा १९१५ मध्ये मारला गेलेला, दुसरीचा संसदेचा अध्यक्ष, तिसरीचा प्रजासत्ताकाच्या संस्थापकांपैकी एक, जो त्याच वर्षी जानेवारीत टायफसने गेला. ओळख नवऱ्याची होती. पण लेखन, निर्वासितांची व्यवस्था, अनाथ मुलांची शुश्रूषा ही कामं त्यांची स्वतःची होती. ओळखीने दार उघडलं म्हणून आत गेलेली बाई रिकामी नसते, एवढंच सांगायचंय.

१९२० मध्ये त्या सरकारने डायना अबगार यांना जपानमध्ये मानद वाणिज्यदूत नेमलं. जन्म रंगूनचा, शाळा कलकत्त्याची, संसार जपानात. जपानमार्गे अमेरिकेला निघालेल्या आर्मेनियन निर्वासितांना त्या आधीपासूनच कागदपत्रं, राहणं, जहाज मिळवून देत होत्या. जगातल्या पहिल्या काही महिला राजनैतिक अधिकाऱ्यांत त्यांचं नाव घेतात. पण वर्षाच्या शेवटी सोव्हिएत सत्ता आली, प्रजासत्ताक संपलं आणि त्यांचं पदही.

इकडे इस्तंबूलमध्ये हायगानुश मार्क या पत्रकार बाईने १९१९ ते १९३३ अशी चौदा वर्षं 'हाय गिन' हे पाक्षिक चालवलं. अर्थ सरळ आहे: 'आर्मेनियन स्त्री'. वाचलेल्या समाजाला तेव्हा बाईकडून काय हवं होतं? मुलं जन्माला घाल, भाषा टिकव, धर्म टिकव. हायगानुश सांगत राहिली की बाई म्हणजे राष्ट्राची पुनर्बांधणी करायचं अवजार नव्हे, तिला स्वतःचे हक्क आहेत. शेवटी सरकारने ते बंद केलं. छोट्या गावात पेपर चालवणं काय असतं ते मला माहीत आहे. अशा काळात, अल्पसंख्याकांच्या भाषेत, बायकांचं पाक्षिक चौदा वर्षं? मी तर हात जोडतो.

सोव्हिएत काळात शिक्षणाचा प्रश्न जवळजवळ सुटला. मुलगी शाळेत, मुलगी विद्यापीठात, बाई प्रयोगशाळेत, बाई दवाखान्यात. गुम्रीला मरियम आणि येरानुही अस्लामाझ्यान या दोन चित्रकार बहिणींच्या नावाचं कलादालन आहे. सर्वोच्च सोव्हिएतमध्येही एक तृतीयांशाच्या आसपास बायका असत. अर्थात ते ठरवून बसवलेलं होतं आणि खरी सत्ता पक्षाच्या वरच्या पुरुषांकडे. बोलणाऱ्या बाईचं काय व्हायचं, तेही सांगतो. झाबेल येसायान १९३३ मध्ये मोठ्या आशेने सोव्हिएत आर्मेनियात राहायला आली. येरेवान विद्यापीठात शिकवलं. १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी उचललं. ती कुठे आणि कशी मेली, हे आजही कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

पण सगळ्यात मोठा धडा त्यानंतरचा आहे.

१९८८ मध्ये काराबाखच्या प्रश्नावर येरेवानचे रस्ते लाखो लोकांनी भरून गेले. त्या आंदोलनाचा एक मोठा आवाज होता कवयित्री सिल्वा कापुतिक्यान यांचा. फेब्रुवारीत मॉस्कोला जाऊन गोर्बाचेव्हला भेटलेल्या दोघांपैकी त्या एक. रस्त्यावर बायका भरपूर. पण आंदोलन चालवणारी काराबाख समिती बनली, तेव्हा अकरा सदस्य. अकराही पुरुष.

१९९० ची निवडणूक मोकळी झाली. ठरवून बसवणं बंद. आणि बायकांचं प्रमाण एक तृतीयांशावरून धाडकन पाच टक्क्यांच्या खाली आलं. १९९९ च्या संसदेत १३१ पैकी बायका किती? चार.

आता वही-पेन घ्या. १९१९ मध्ये ८० पैकी ३, म्हणजे पावणेचार टक्के. १९९९ मध्ये १३१ पैकी ४, म्हणजे तीन टक्के. मधल्या ऐंशी वर्षांत पूर्ण साक्षरता, डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ, प्राध्यापक बायकांच्या दोन-तीन पिढ्या. आणि टक्का घसरला! १९१९ ला अर्धा देश निर्वासितांच्या तंबूत होता, तरी बरा होता म्हणायचा.

कुठे गेलं पाहुण्यांचं 'आपोआप'?

मग काय बदललं? कायदा. तोही एका फटक्यात नाही. १९९९ च्या निवडणूक कायद्यात पक्षांच्या यादीत पाच टक्के बायका असाव्यात अशी अट होती. पक्षांनी ती यादीच्या तळाशी घालून पाळली. २००७ मध्ये अट १५ टक्के, २०११ मध्ये २०. निकाल? २००७ ला १३१ पैकी १२ बायका, २०१२ ला १४. आणखी एक पळवाट होती, ती ऐकून तुम्हाला आपल्या गावची आठवण येईल. निवडून आल्यावर बाईने जागा सोडायची आणि यादीतला खालचा पुरुष वर घ्यायचा. २०१६ च्या कायद्याने हे बुजवलं: बाईने जागा सोडल्याने प्रमाण घटत असेल, तर तिच्या जागी बाईच. कोटा आधी २५ टक्के, मग ३०. २०१८ च्या डिसेंबरात १३२ पैकी ३२ बायका आल्या. २०२१ मध्ये एक तृतीयांशाच्या वर.

केमिस्ट्री त्याच बायका शिकवत होत्या. त्या वीस वर्षांत अचानक जास्त हुशार झाल्या नाहीत. बदलली ती यादी.

आणि जिथे कायदा पोचला नाही तिथे काय? २०१८ च्या वसंतातली तिकडची मखमली क्रांती बघा. बायका, मुली रस्ते अडवून बसल्या, संध्याकाळी भांडी वाजवत बाहेर आल्या, सरकार पाडलं. मे महिन्यातल्या नव्या मंत्रिमंडळात बायका दोन. पुढच्या वर्षी खाती कमी करून बारा केली, तेव्हा एक उरली: झारुही बातोयान, व्हीलचेअर वापरणाऱ्या, अपंगांच्या हक्कांसाठी लढलेल्या. शहराची पहिली महिला महापौर त्या देशाला मिळाली तीही २०१८ मध्ये, एच्मियात्झिनला. मंत्री नेमायला कोटा नाही. मग भांडी वाजवायला बायका, खाती घ्यायला पुरुष.

आता त्या आजीच्या मेणबत्तीकडे येतो. २००० सालच्या आसपास आर्मेनियात शंभर मुलींमागे १२० च्या घरात मुलगे जन्माला येत होते. निसर्गतः हा आकडा १०५-१०६ असतो. म्हणजे मधल्या मुली पोटातच गायब केल्या. कोणी? निरक्षरांनी? तिथे निरक्षर माणूस शोधून सापडत नाही. सोनोग्राफी करणारा शिकलेला, करून घेणारी शिकलेली, पैसे देणारा शिकलेला. २०१६ मध्ये लिंग निवडून गर्भपाताला कायद्याने बंदी आली, त्यावर उघड बोललं जाऊ लागलं, आणि आकडा बराच खाली आला. आपण यावर हसायचं कारण नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या आणि बीडमध्ये ८०७. आपल्याकडेही हे पाप फक्त अडाण्यांनी केलं नाही. त्यांच्याकडे मशीनचे पैसे कुठून येणार?

तसंच घरातल्या मारहाणीचं. २०१७ च्या डिसेंबरात आर्मेनियात घरगुती हिंसेविरुद्ध कायदा झाला. "कुटुंब मोडतंय, परकीय विचार लादले जातायत" म्हणून इतका गदारोळ झाला की कायद्याच्या नावातच कुटुंबातला सलोखा परत आणण्याची भाषा घालावी लागली. मार खाणाऱ्या बाईला तो कायदा तेव्हा पहिल्या ओळीतच सांगत होता, जमवून घे. विरोध करणारे कोण होते? पदवीधर, धर्मगुरू, राजकारणी. द्युसापबाईंवर तुटून पडलेल्या त्या वकिलाची खूण लक्षात ठेवा म्हटलं होतं, ती यासाठी.

माझ्यावर आता आरोप होणार की मी शिक्षणाच्या विरोधात बोलतोय. अजिबात नाही. सावित्रीबाईंच्या महाराष्ट्रात असं बोलणाऱ्याचं तोंड फोडावं. शिक्षण नसतं तर झाबेल नसती, हायगानुश नसती. मी एवढंच म्हणतोय, की शिक्षण बाईला लायक बनवतं. खुर्ची रिकामी करत नाही. खुर्चीवर बसलेला माणूस ती सोडायला तयार नसतो, आणि "आधी शिका, मग बघू" हे त्याचं सगळ्यात सभ्य उत्तर असतं. आर्मेनियातल्या बायकांनी दीडशे वर्षं शिकून दाखवलं. कायदा होईपर्यंत "मग बघू" काही आलं नाही.

दुसरा आक्षेप: कोट्याने येणाऱ्या बायका नावापुरत्या असतात, कारभार नवरा करतो. काही ठिकाणी खरंय. पण जरा आपल्याकडे बघा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना. म्हणून ग्रामपंचायतीत निम्म्या बायका दिसतात. विधानसभेला तसा कायदा लागू नाही. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी बायका दहा टक्केही नाहीत. २०२३ ला संसदेने घटनादुरुस्ती केली, पण अंमल जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधून ठेवला. आर्मेनियात उलट: संसदेला कोटा, तिथे तिसरा हिस्सा बायका, गावच्या प्रमुखपदाला कोटा नाही, तिथे बायका बोटावर मोजण्याइतक्या. दोन देश, दोन भाषा, दोन धर्म. जिथे कायदा तिथे बाई. जिथे 'आपोआप' तिथे पुरुष. याहून साधा पुरावा मी कुठून आणू?

आणि नवरा कारभार करतो यात दोष कोणाचा? त्या नवऱ्याचा, त्याला खुर्ची देणाऱ्या ग्रामसेवकाचा, आणि माझा. होय, माझा. वीस वर्षांत मी किती बातम्यांत 'सरपंचपती' लिहिलं असेल, मोजलं नाही. महिला सरपंचांचा फोन नंबर माझ्याकडे नसतो, त्यांच्या मालकांचा असतो. उद्घाटनाच्या फोटोत ती कडेला आणि तो मध्ये, मी तसाच छापला. शिकलेला आहे मी, पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. डिप्लोम्याने हे सुधारलं नाही. एकदा एका सरपंचबाईंनीच विचारलं, "भाऊ, सही माझी चालते, मग नाव त्यांचं का छापता?" तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

तेव्हा आजपासून माझ्यापुरतं ठरवलंय. बातमीत 'पती' हा हुद्दा लिहिणार नाही. प्रतिक्रिया निवडून आलेल्या बाईचीच घेणार, मिळाली नाही तर "प्रतिक्रिया देऊ दिली नाही" असं छापणार. तुम्हाला माझ्या बातमीत चूक दिसली तर इथेच, सगळ्यांसमोर, कान धरा.

आणि मेळाव्याचे पाहुणे पुन्हा येतीलच, निवडणुका काही लांब नाहीत. या वेळी मी मथळा शोधत बसणार नाही. हात वर करून एकच विचारणार: साहेब, तुमच्या पक्षाने आपल्या जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागांवर आजवर किती बायका उभ्या केल्या? तिथे बसलेल्या माझ्या बहिणींनी टाळी वाजवायच्या आधी उत्तर ऐकून घ्यावं, एवढीच विनंती.